पिस्तुलाचीं काडतुसें घरीं भरणें : नवशिक्यानें कोणतीं साधनें घ्यावींत?

‘काडतूस’ हा शब्द ऐकला कीं मराठी वाचकास पहिल्यानें आठवतो तो १८५७ सालचा उठाव. एन्फील्ड बंदुकीच्या त्या काडतुसाचें वेष्टन कागदाचें होतें. शिपायानें तें दातांनीं फाडावें, दारू नळींत ओतावी आणि वर गोळी ठासावी, अशी रीत होती. एकदां बार उडाला कीं त्या काडतुसाचें हातीं कांहींच राहत नसे. पुढें दहा वर्षांच्या आंत हा प्रकार पालटूं लागला. दारू, गोळी आणि ठिणगी पाडणारी टोपी या तिन्ही वस्तू एकाच धातूच्या पुंगळींत बसविण्याच्या युक्त्या पक्क्या झाल्या, आणि बार झाल्यावर ती पितळी पुंगळी जवळजवळ जशीच्या तशी परत मिळूं लागली. तेव्हां हिशेबी माणसाच्या मनांत साहजिकच प्रश्न आला, कीं चांगलें पितळ असें फेकून कां द्यावें? तीच पुंगळी पुन्हां कां भरूं नये?

अमेरिकेंत हा प्रश्न फार पूर्वींच सुटला. तेथें नेमबाजीचा शौक असलेले पुष्कळ गृहस्थ आपल्या उडविलेल्या पुंगळ्या वेंचून घरीं आणतात आणि रात्रीं गॅरेजमधील टेबलापाशीं बसून त्या पुन्हां भरतात. आमच्या वाचकांपैकीं अनेकांस हा उद्योग परका, कदाचित् अप्रशस्तहि वाटेल. परंतु आज पुण्या-मुंबईकडील कितीतरी घरांतील मुलगे, मुली, जांवई आणि सुना तिकडे कायमच्या राहिल्या आहेत, आणि तिकडचे छंदहि हळूहळू त्यांच्या अंगवळणीं पडत आहेत. माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा त्यांपैकींच एक. तो टेक्सास संस्थानांत राहतो, रविवारीं निशाणावर पिस्तूल चालवितो, आणि गेल्या वर्षीं काडतुसें घरीं भरावयाचें त्याच्या मनानें घेतलें. मी त्यांच्याकडे हिंवाळ्यांत दोन महिने जाणार, हें कळतांच बहीण म्हणाली, “दादा, तूं सारा जन्म यंत्रांत घालविलास. तो दारूगोळा घरांत आणून ठेवणार म्हणतो. दोन लहान पोरें आहेत तिथें. काय तें नीट बघ आणि तूंच त्याला सांग.” तें बघतां बघतां जें वाचलें, हाताळलें आणि एका प्रसंगानें जें मनावर ठसलें, तें येथें देतों.

आधीं कायदा

साधनांच्या आधीं कायद्याचा विचार केला पाहिजे. अमेरिकेच्या मध्यवर्ती कायद्याप्रमाणें स्वतःच्या वापरापुरतीं काडतुसें भरण्यास परवाना लागत नाहीं. विकण्यासाठीं भरावयाचीं असल्यास तो लागतो. निरनिराळ्या संस्थानांचे व शहरांचे नियम याहून कडक असूं शकतात, ते ज्याचे त्यानें पाहावेत. आपल्या मंडळींनीं विशेष ध्यानांत ठेवावें असें कलम मात्र निराळेंच आहे. जे तेथें शिक्षणासाठीं किंवा मुदतीच्या नोकरीसाठीं, म्हणजे तात्पुरत्या व्हिसावर राहतात, त्यांस बंदूकच काय, पण एक काडतूसहि बाळगण्याची मध्यवर्ती कायद्यानें मनाई आहे. शिकारीचा रीतसर परवाना असणें यांसारखे थोडे अपवाद आहेत. पण ते अपवाद आहेत, हें विसरूं नये. कायम रहिवासाचा दाखला ज्यांस मिळाला आहे, त्यांना ही आडकाठी नाहीं. भाच्याजवळ तो दाखला आहे. त्याच्या कचेरींतील एक मराठी तरुण मात्र अद्याप नोकरीच्या व्हिसावर आहे. तोहि हौसेनें या उद्योगांत भागी घेऊं पाहत होता. त्याला भाच्यानें सौम्य शब्दांत पण स्पष्ट नकार दिला, आणि तें योग्यच झालें.

इकडे भारतांत तर गोष्टच वेगळी. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणें परवान्यावांचून काडतुसें तयार करणें हा गुन्हा आहे, आणि त्या कायद्यांतील ‘दारूगोळा’ या शब्दाच्या व्याख्येंत काडतुसांचे भाग व तीं बनविण्याचीं यंत्रेंहि येतात. तेव्हां सुटीवर घरीं येतांना कोणी हौसेनें एखादें हत्यार, किंवा मुलांना दाखविण्यासाठीं म्हणून रिकाम्या पुंगळ्यासुद्धां सामानांत घालून आणूं नयेत. विमानतळावरील तपासणींत ‘रिकामी होती’ ही सबब ऐकून घेण्यास कोणी बसलेला नसतो.

काडतुसाचीं चार अंगें

पिस्तुलाच्या काडतुसाचीं अंगें चार : पुंगळी, टोपी, दारू आणि गोळी. पिस्तुलाचा घोडा टोपीवर आपटतो, टोपींतील स्फोटक पेटतें, त्याची ज्वाला पुंगळीच्या बुडांतील छिद्रांतून दारूस जाऊन भिडते, दारूचा वायु होतो आणि तो गोळीला नळींतून ढकलतो. यांतील टोपी, दारू आणि गोळी खर्ची पडतात; पुंगळी उरते. बहुधा तीच चौघींत महाग असते, आणि माफक दाबाचीं काडतुसें भरल्यास तिचें तोंड चिरेपर्यंत ती अनेक वेळां वापरतां येते.

परंतु प्रत्येक पुंगळी भरण्याजोगी नसते. १८६६ च्या सुमारास टोपीच्या दोन तऱ्हा निघाल्या. इंग्लंडांत वूलिच येथील सरकारी शस्त्रशाळेंतील बॉक्सर नांवाच्या अधिकाऱ्यानें जी काढली, तींत ऐरण टोपीच्या आंतच असते आणि पुंगळीच्या बुडाशीं मधोमध एकच छिद्र असतें. त्यामुळें आंतून एक सुई दाबली कीं जुनी टोपी सहज बाहेर पडते. अमेरिकेंतील बर्डन याच्या तऱ्हेंत ऐरण पुंगळीलाच असते आणि छिद्रें बाजूला दोन असतात. तेथें ही सुई चालत नाहीं. गंमत अशी कीं, इंग्रज माणसाची तऱ्हा अमेरिकेनें उचलली आणि अमेरिकन माणसाची युरोपांतील सैन्यांनीं. म्हणून नवशिक्यानें बॉक्सर तऱ्हेच्या, आणि त्याहि पितळी, पुंगळ्याच गोळा कराव्यात. पोलादी व ॲल्युमिनियमच्या पुंगळ्या बाजूस टाकाव्यात. बावीस नंबरच्या लहान काडतुसांत स्फोटक द्रव्य कांठाच्या घडींत भरलेलें असतें. तीं घरीं भरण्याच्या भानगडींत पडूंच नये.

पहिली खरेदी : पुस्तक

भाच्याच्या यादींत पहिलें नांव यंत्राचें होतें. मीं तें खोडून तेथें पुस्तक लिहिलें. गोळ्या, दारू आणि साधनें करणाऱ्या तिकडच्या मोठ्या कंपन्या आपापलीं मार्गदर्शक पुस्तकें छापतात. कोणत्या काडतुसांत, कोणत्या वजनाच्या गोळीखालीं, कोणती दारू कमींत कमी किती आणि जास्तींत जास्त किती घालावी, याचे दाब मोजून काढलेले कोष्टक त्यांत असतें. दाबाच्या व मापांच्या मर्यादा ठरविण्यासाठीं तेथील कारखानदारांनीं १९२६ सालीं एक संस्था स्थापिली. तिच्या मर्यादांस धरून हीं कोष्टकें असतात. अशीं दोन पुस्तकें घ्यावींत आणि दोन्ही ताडून पाहावींत. आरंभ नेहमीं खालच्या आंकड्यापासून करावा. क्लबांतील मित्रानें तोंडीं सांगितलेलें प्रमाण, मग तो मित्र कितीहि अनुभवी असो, कधींहि घेऊं नये. त्याची पिस्तूल, त्याची गोळी आणि त्याची स्मरणशक्ति यांपैकीं एकहि आपली नसते.

यंत्राच्या तीन जाती

या कामाचें मुख्य हत्यार म्हणजे तरफेनें चालणारें दाबयंत्र. तिकडे त्यास नुसतें ‘प्रेस’ म्हणतात. त्याचा पूर्वज मोठा ओळखीचा आहे. १८८४ सालीं कनेटिकट संस्थानांत जॉन बार्लो यानें ‘आयडियल’ या नांवानें जीं भरण्याचीं हत्यारें काढलीं, तीं दिसावयास हुबेहूब आपल्या अडकित्त्यासारखीं होतीं : दोन दांड्या, मध्यें साचा, आणि मुठीची ताकद. तो कारखाना १९२५ सालीं लायमन कंपनीनें विकत घेतला. १९४३ सालीं कॅलिफोर्नियांतील ओरोव्हिल गांवीं फ्रेड हंटिंग्टन यानें ‘रॉक चक’ नांवाच्या बिळांत राहणाऱ्या प्राण्याच्या शिकारीसाठीं गोळ्या घडविण्याचा साचा केला. त्या साच्याच्या नांवाचीं आद्याक्षरें घेऊन झालेलें ‘आरसीबीएस’ हें नांव आज या धंद्यांत सर्वतोमुखीं आहे. १९५८ सालीं रिचर्ड ली यानें आपल्या घरच्या कारखान्यांत एक लहानसा संच तयार केला; त्यास यंत्र नको, लांकडी हातोडी पुरे. या तिन्ही नांवांचीं साधनें आजहि मिळतात.

आज मिळणाऱ्या दाबयंत्रांच्या जाती तीन. पहिल्या जातींत एका वेळीं एकच साचा बसतो. तरफ ओढली कीं एक काम होतें. पन्नास पुंगळ्यांचें पहिलें काम संपवावयाचें, साचा बदलावयाचा, मग त्याच पन्नासांचें दुसरें. दुसऱ्या जातींत वर एक फिरती चकती असून तींत सर्व साचे आधींच बसविलेले असतात. पुंगळी जागेवर राहते आणि चकती फिरते. तिसऱ्या जातींत पुंगळ्याच फिरतात. प्रत्येक तरफेसरशीं चार-पांच ठिकाणीं चार-पांच कामें एकदम होतात आणि एक तयार काडतूस बाहेर पडतें. पहिल्या जातीवर निवांतपणें काम केल्यास तासाला पन्नासएक काडतुसें होतात. तिसरीवर सराईत माणूस चारशेंपर्यंत जातो.

भाच्याचा ओढा अर्थातच तिसरीकडे होता. “मामा, आज ना उद्यां तेंच घ्यावयाचें आहे, मग दोनदां खर्च कशाला?” हा त्याचा युक्तिवाद. मीं विचारलें, “महिन्याला किती उडवितोस?” “दोनशें.” म्हणजे महिन्यांतून चार संध्याकाळचें काम. त्यासाठीं तासाला चारशेंचें यंत्र कशाला हवें? आणि दुसरें असें, कीं स्वयंपाकाची नुसती तोंडओळख असलेल्या सुनेस पहिल्याच दिवशीं चार चुली पेटवून देऊन पंगतीचा स्वयंपाक सांगितला, तर मीठ कोणत्या पातेल्यांत दोनदां पडलें आणि कोणत्यांत पडलेंच नाहीं, हें पानावर बसल्यावरच कळावयाचें. पहिल्या जातीच्या यंत्रावर प्रत्येक काम वेगळें होतें, वेगळें दिसतें आणि म्हणून वेगळें शिकतां येतें. पुढें मोठें यंत्र घेतलें तरी हें वायां जात नाहीं. जुन्या टोप्या काढण्यास, थोडीं काडतुसें करून पाहण्यास, तें जन्मभर उपयोगीं पडतें. ज्याला महिन्याला पांच-सातशें काडतुसें लागतात त्यानें फिरत्या चकतीचें घ्यावें. यंत्र ओतीव लोखंडाचें, आणि इंग्रजी ‘ओ’ अक्षरासारख्या बंद चौकटीचें असल्यास जोर लावला तरी वांकत नाहीं. तें जाड फळीच्या, भिंतीस पक्क्या केलेल्या टेबलावर बोल्टांनीं आंवळावें.

साचे

पिस्तुलासाठीं साचे तिहींच्या संचांत मिळतात. पहिला बारानें फुगलेल्या पुंगळीस दाबून मूळ मापावर आणतो आणि जुनी टोपी काढून टाकतो. दुसरा तिचें तोंड किंचित् उमलवितो, म्हणजे गोळी न खरवडतां आंत बसते. तिसरा गोळी ठरल्या खोलीवर बसवितो व तोंड आवळून घेतो. हें आवळण्याचें काम वेगळ्या चौथ्या साच्यानें केल्यास नवशिक्याची फार चिंता कमी होते.

येथें दोन गोष्टी पाहाव्या. पहिल्या साच्यांतील कडें कार्बाइड या अतिकठीण द्रव्याचें असावें. साध्या पोलादी साच्यांत प्रत्येक पुंगळीस तेल लावावें लागतें व मागाहून पुसावें लागतें. कार्बाइडच्या कड्यांत सरळ बाजूंच्या पुंगळ्यांस तें लागत नाहीं. थोडा अधिक पैसा पडतो, पण तो सत्कारणीं लागतो. दुसरी गोष्ट आवळण्याची. रिव्हॉल्व्हरच्या ‘थर्टी-एट स्पेशल’सारख्या काडतुसांस बुडाशीं कंगोरा असतो, तेथें तोंड आंत वळवून आवळलें तरी चालतें. परंतु ‘नऊ मिलिमीटर’ व ‘पॉइंट फॉर्टी-फाइव्ह ऑटो’ हीं काडतुसें नळींत आपल्या तोंडाच्या कांठावर टेकतात. तो कांठच आंत वळविला तर टेकणार कशावर? त्यांस केवळ निमुळतें आवळणारा साचा घ्यावा. बहुतेक सर्व कंपन्यांच्या साच्यांचे आटे एकाच मापाचे, म्हणजे सात-अष्टमांश इंच व्यासाचे आणि इंचास चौदा, असल्यामुळें एकाचें यंत्र आणि दुसऱ्याचे साचे असा संसारहि सुखानें चालतो. काडतुसाचें बूड धरणारी खोबण मात्र काडतुसाप्रमाणें निराळी लागते. ती संचाबरोबर आहे कीं नाहीं, हें विकत घेतांनाच विचारावें.

तराजू

आतां सर्वांत महत्त्वाच्या साधनाकडे येऊं. बंदुकीची दारू ग्रेन या मापानें मोजतात. आपल्या सोनारांच्या इंग्रजी अमदानींतील तोळ्याचे १८० ग्रेन होत, आणि तोळ्याच्या गुंजा ९६. म्हणजे एक गुंज पावणेदोन ग्रेनांहून किंचित् जास्त. पिस्तुलाच्या काडतुसांत लागणारी दारू पुष्कळदां दोन-तीन गुंजांच्या वजनाचीच असते. हें केवळ लहानपणाची कल्पना यावी म्हणून सांगितलें. खरें वजन पुस्तकांतूनच घ्यावें. तराजू ग्रेनाच्या दहाव्या भागापर्यंत, म्हणजे गुंजेच्या सुमारें एकोणिसाव्या हिश्शापर्यंत, अचूक असावा लागतो. स्वयंपाकघरांतील काटा येथें कुचकामाचा.

तराजू दोन प्रकारचे मिळतात. दांडीचा तराजू विजेवर चालत नाहीं, हळू चालतो, परंतु एकदां समतल करून शून्यावर आणला कीं वर्षानुवर्षें इमानानें राहतो. विजेचा तराजू आंकडा तत्काळ दाखवितो. पण तो तापण्यास थोडा वेळ द्यावा लागतो, वाऱ्याच्या झुळकेनें वा जवळच्या विजेच्या उपकरणानें त्याचा आंकडा सरकतो. मीं दांडीच्या तराजूच्या बाजूनें मत दिलें. कोणताहि घ्या, त्याबरोबर तपासणीचीं वजनें अवश्य घ्या, आणि दर बैठकीच्या आरंभीं त्यांनीं तराजूची परीक्षा करा. वजन करतांना पंखा व गरम हवेचा झोत बंद ठेवावा. मापानें दारू सोडणारें एक नळकांड्याचें उपकरण मिळतें. त्यानें काम भरभर होतें. परंतु तें वजन करीत नाहीं, आकारमान मोजतें. म्हणून तें वापरूं लागल्यावरहि आरंभींचीं दहा मापें आणि पुढें दर दहावें माप तराजूवर घालावें.

किरकोळ दिसणारीं, पण किरकोळ नसलेलीं

इंचाच्या हजाराव्या भागापर्यंत मोजणारें कॅलिपर हवेंच. गोळी ठरल्याहून खोल बसली, कीं दारूस जागा कमी पडते आणि दाब वाढतो; नऊ मिलिमीटरसारख्या आंखूड पुंगळींत तो फार झपाट्यानें वाढतो. पन्नास भोंकांचा एक लांकडी ठोकळा हवा, म्हणजे सर्व पुंगळ्या तोंडें वर करून ओळीनें उभ्या राहतात. एक लहान विजेरी हवी. चुकलेल्या काडतुसाची गोळी काढण्यासाठीं हातोड्यासारखें एक पोकळ साधन मिळतें. काडतूस त्यांत अडकवून लांकडावर आपटलें कीं गोळी सुटते. हें साधन पहिल्या दिवशींच घ्यावें. चूक होणार हें गृहीत धरणाराच चूक दुरुस्त करतो. डोळ्यांस संरक्षक चष्मा लावल्यावांचून टोप्यांस हात लावूं नये. टोप्या त्यांच्या मूळ खोक्यांतच ठेवाव्यात. त्या बरणींत ओतल्या आणि एक पेटली, तर सर्व एकदम उडतात. तयार काडतूस तपासण्याचें ठोकळेवजा माप घेतल्यास चांगलें. नाहीं तर पिस्तूल पूर्ण रिकामी करून तिची नळी वेगळी काढावी व त्या नळींत काडतूस घालून पाहावें.

पुंगळ्या चकचकीत करणारें फिरतें भांडें मात्र आरंभीं नसलें तरी चालतें. स्वच्छ पुंगळी पाहिजे. आरशासारखी पाहिजेच असें नाहीं.

एक संध्याकाळ

डिसेंबरांतील एका संध्याकाळची गोष्ट. भाचा थर्टी-एटच्या पन्नास पुंगळ्या ठोकळ्यांत मांडून, एकेक वजन करून दारू घालीत होता. मी शेजारीं स्टुलावर बसून वाचीत होतों. निम्मा ठोकळा झाला असेल-नसेल, तोंच त्याची पांच वर्षांची मुलगी दारांतून ओरडली, “बाबा, आजोबा, पानें घेतलीं!” आम्ही उठलों. जेवण झालें, गप्पा झाल्या, आणि तासाभरानें भाचा पुन्हां टेबलाशीं बसून पुढें दारू घालूं लागला. सर्व पुंगळ्या झाल्यावर, गोळ्या बसविण्यापूर्वीं, ठरल्याप्रमाणें त्यानें विजेरी घेऊन एकेका पुंगळींत डोकावून पाहण्यास आरंभ केला. पांचव्या ओळींत त्याचा हात थांबला. त्यानें मला बोलाविलें. शेजारच्या पुंगळ्यांत दारू तळाशीं दिसत होती. त्या एकींत ती बरीच वर आली होती. जेवावयास उठण्यापूर्वीं जी पुंगळी शेवटची भरली होती, तीच परत आल्यावर पहिली म्हणून त्यानें पुन्हां भरली होती.

यांतील धोका असा. थर्टी-एटची पुंगळी जुन्या धुराच्या दारूच्या काळांतील मापाची, म्हणजे ऐसपैस आहे. आजची बिनधुराची दारू तिच्या तळाशींच राहते. त्यामुळें दुप्पट दारू घातली तरी ती सांडत नाहीं, कीं बाहेरून कांहीं दिसत नाहीं. गोळी बसली कीं तें काडतूस इतर एकोणपन्नासांसारखेंच दिसतें. तें उडविलें असतें तर पिस्तूल हातांत फुटण्याचा संभव होता. याच्या उलट चूकहि तितकीच वाईट. दारू मुळींच पडली नाहीं, तर नुसती टोपी गोळीला नळींत ढकलते आणि गोळी मध्येंच अडकते. आवाज बारीक येतो. तें न ओळखतां वर दुसरा बार काढला, तर नळी फुगते किंवा फाटते.

भाच्यानें त्या रात्रीं पन्नासहि पुंगळ्यांतील दारू डब्यांत परत ओतली. एकहि गोळी बसविली नाहीं. दुसऱ्या दिवशीं त्यानें टेबलावर स्वतःच्या हातानें चार नियम लिहून लावले : दारू घालण्यास सुरवात केली कीं ठोकळा पुरा झाल्यावांचून उठावयाचें नाहीं, उठावें लागलेंच तर सर्व ओतून पुन्हां आरंभ, टेबलावर एका वेळीं एकाच दारूचा डबा, आणि प्रत्येक पुंगळींत विजेरीनें पाहिल्यावांचून गोळी नाहीं. पांचवा नियम मीं सुचविला : रिकाम्या पुंगळ्या ठोकळ्यांत उलट्या ठेवाव्यात आणि भरली कीं सुलटी करावी. दारूची निवड करतांनाहि, फुगीर, म्हणजे त्याच वजनांत अधिक जागा व्यापणारी दारू घ्यावी. तिची दुहेरी मात्रा सांडते, निदान नजरेस पडते. मोठ्या यंत्रांना दारूची पातळी पाहून सूचना देणारीं उपकरणें लावतां येतात, आणि जाणत्या हातांत तीं यंत्रें चांगलेंच काम देतात, हें मी मान्य करतों. परंतु त्या दिवशींचा भाचा जाणता नव्हता. विजेरीनें पाहण्याची उसंत त्याला त्या साध्या यंत्रामुळें मिळाली.

घर आणि पोरेंबाळें

बहिणीच्या प्रश्नाचें उत्तर अजून राहिलें. दारू घरांत ठेवणें कितपत योग्य? मला आधीं वाटलें होतें, कीं लोखंडी तिजोरी सर्वांत सुरक्षित. वस्तुस्थिति उलट आहे. बिनधुराची दारू मोकळी पेटली तर भडकून जळते. परंतु घट्ट बंद लोखंडी पेटींत तिचा दाब कोंडतो आणि मग पेटीच बाँब होते. म्हणून ती मूळ डब्यांत, थंड व कोरड्या जागीं, कुलपाच्या लांकडी कपाटांत, आगीपासून आणि टोप्यांपासून दूर ठेवावी. तेथें पुष्कळ ठिकाणीं मानल्या जाणाऱ्या अग्निसुरक्षेच्या नियमांत राहत्या घरीं मूळ डब्यांत २० पौंडांपर्यंत अशी दारू आणि १०,००० पर्यंत टोप्या ठेवण्याची मुभा आहे. नवशिक्यास आरंभीं दोन पौंड आणि एक हजार टोप्या पुरतात; त्याहून अधिक सांठा करूं नये.

दुसरा धोका हळू चालणारा, म्हणून अधिक दुर्लक्षित. बहुतेक टोप्यांच्या स्फोटकांत शिशाचा अंश असतो. उडालेल्या पुंगळ्यांच्या काजळींत तो उतरतो, आणि पुंगळ्या कोरड्या घासतांना त्याची धूळ उडते. लहान मुलांस व गर्भवती स्त्रियांस शिसें विशेष घातक. यासाठीं हें काम स्वयंपाकघरांत वा जेवणाच्या टेबलावर कदापि करूं नये. तेथें खाणें-पिणें नको. पुंगळ्या पाण्यांत धुवाव्यात, आणि काम संपल्यावर साबणानें हात धुवावेत. भाचेसुनेनें यावर एक अट घातली : अंगावरचे कपडे बदलल्यावांचून मुलांना उचलून घ्यावयाचें नाहीं. आम्हां दोघां यंत्रवेड्यांस जें सुचलें नव्हतें, तें तिला सुचलें. सोंवळ्या-ओंवळ्याच्या जुन्या शिस्तींत वाढलेल्या आपल्या घरांत ही अट समजावून सांगावी लागणार नाहीं.

तेव्हां खरेदीचा क्रम असा : दोन पुस्तकें; एकेरी दाबयंत्र; कार्बाइडचे साचे व त्यांची खोबण; दांडीचा तराजू आणि तपासणीचीं वजनें; कॅलिपर; ठोकळा, विजेरी व चष्मा; गोळी काढण्याचा हातोडा; टोपी बसविण्याचें हातांतील साधन; आणि सर्वांच्या शेवटीं, पुस्तकें वाचून झाल्यावर, दारू, टोप्या व गोळ्या. पैसे वांचतील या आशेनें मात्र कोणी यांत पडूं नये. जितके पैसे वांचतात तितके अधिक बार निघतात, असें तिकडचे जुने लोकच हंसत सांगतात. आपल्या हातानें केलेलें काम निशाणाच्या मधोमध लागतें, हा यांतील खरा लाभ.

परत आल्यावर बहिणीला मीं हें सर्व सांगितलें. ती दुहेरी दारूची पुंगळीहि लपविली नाहीं. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “त्यानें तुला बोलावून ती दाखविली ना? मग चालेल.” निघण्याच्या दिवशीं भाच्यानें घासूनपुसून चकचकीत केलेली एक पुंगळी आठवण म्हणून माझ्या हातावर ठेवली होती. मी ती क्षणभर उजेडाकडे धरून आंत पाहिली, आणि इकडचा कायदा आठवून पुन्हां त्याच्या ठोकळ्यांत उलटी ठेवून दिली.